आल्प्सची ब्रिटिश जलरंगचित्रे (अठरावे शतक)

स्वित्झर्लंड व सव्हॉय (आज फ्रान्समध्ये) भागातील हिमशिखरे, हिमनद्या आणि खिंडी यांची ब्रिटिश चित्रकारांनी जलरंगात केलेली निसर्गचित्रे. बहराचा काळ साधारण १७७० ते १८००. त्याआधी आल्प्स म्हणजे इटलीच्या वाटेवर जीव मुठीत धरून ओलांडायची अडचण. १७५७ मध्ये विचारवंत एडमंड बर्कने भयातून जाणवणाऱ्या उदात्ततेची मीमांसा केली, आणि त्या सुमारास कड्यांकडे थांबून पाहण्याची गोडीही वाढत गेली.

श्रीमंत प्रवासी चित्रकाराला बरोबर नेत. पुढे कॅमेऱ्याने केले ते काम तेव्हा त्याच्याकडे असे. विल्यम पार्स १७७० मध्ये लॉर्ड पामर्स्टनबरोबर गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची आल्प्सची चित्रे लंडनच्या रॉयल अकादमीत लागली. त्याने रंगवलेली ऱ्होन हिमनदी दरीत पार खाली उतरलेली आहे. आज ती कितीतरी वर सरकली आहे.

पारदर्शक जलरंगात बर्फासाठी रंग लावावाच लागत नाही, कागद कोरा सोडायचा. हे सर्वांत धीटपणे केले फ्रान्सिस टाउनने. १७८१ मध्ये रोमहून परतताना त्याने शामोनीजवळ आर्वेरों नदीचा उगम चितारला. पेनची बारीक, न थरथरणारी रेषा, तिच्या आत रंगाचे सपाट पातळ हात. डोंगर घड्या घातल्यासारखे एकमेकांवर टेकलेले. चित्र आजचे वाटते. अकादमीने त्याला सदस्यत्व कधीच दिले नाही. विसाव्या शतकात संग्राहक व अभ्यासक पॉल ऑपेने त्याला पुन्हा उजेडात आणले.

जॉन रॉबर्ट कझिन्सची वाट वेगळी. १७७६ मध्ये तो रिचर्ड पेन नाइट आणि १७८२ मध्ये विल्यम बेकफर्ड या धनिकांबरोबर आल्प्समधून गेला. निळसर करडा, मळकट हिरवा, एवढ्या मोजक्या रंगांत तो धुके आणि खोली उभी करी. स्थळाची नोंद मागे पडून मनःस्थिती पुढे येते ती इथे. निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल त्याला निसर्गचित्रणातला सर्वश्रेष्ठ प्रतिभावंत मानी.

१७९४ मध्ये कझिन्सला वेड लागले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. थॉमस मन्‍रो यांच्या लंडनमधील घरी संध्याकाळी सहा ते दहा त्याच्या चित्रांच्या नकला होत: तरुण चित्रकारांपैकी थॉमस गर्टिन रेखाटन करी, जे. एम. डब्ल्यू. टर्नर रंग भरी. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. तो स्वतः आल्प्समध्ये पोचला १८०२ मध्ये. तोवर तिथल्या कित्येक दऱ्या त्याने कझिन्सच्या रेखाटनांवरून रंगवून झाल्या होत्या.