बादलीत विसर्जन, आणि पेणच्या कारखान्यांचं काय?

गणपती जवळ आले की दरवर्षी तोच वाद, एक जण म्हणतो पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) बंदच करा, दुसरा म्हणतो मग पेणच्या मूर्तिकारांनी खायचं काय. मला दोघांचंही पटतं. शाडू पावसाळी हवेत लवकर वाळत नाही, जड असतो, टेम्पोत तडकतो, आणि पीओपी साच्यात ओतलं की अर्ध्या तासात घट्ट, त्यामुळे कारागिराला ते परवडतं.

पण मुठा नदीत नेमकं काय होतं बघा. जिप्सम नावाचं खनिज साधारण 150 अंशांना भाजून त्यातलं पाऊण पाणी उडवलं की पीओपी, त्यात परत पाणी घातलं की पुन्हा जिप्सम, सुईसारखे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकलेले. ते विरघळतं, नाही असं नाही, पण एका लिटरमध्ये जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणजे 5 किलोच्या मूर्तीला 2000 लिटर पाणी हवं आणि वर ऑइलपेंट असेल तर पाणी आत शिरतच नाही. दुसऱ्या दिवशी नदीकाठी जे दिसतं ते बघवत नाही.

यावरचा एक उपाय आपल्या पुण्यातच निघाला, पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. बादलीभर पाण्यात साधारण मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट टाकायचं, बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात ते, आणि त्यात मूर्ती बुडवायची. मूर्तीतलं कॅल्शियम आणि पावडरीतलं कार्बोनेट एकत्र येऊन तळाला खडूसारखी पांढरी पूड बसते, उरलेलं सल्फेट अमोनियमशी जोडी जमवतं आणि अमोनियम सल्फेट होतं, जे शेतकरी खत म्हणून टाकतातच. अधूनमधून ढवळत राहिलं तर घरगुती मूर्ती दोनेक दिवसांत विरते. अमोनियाचा वास येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवा. महापालिकेनं ही पावडर लोकांना फुकट वाटलीय.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की आरती, उत्तरपूजा, 'पुढच्या वर्षी लवकर या', काहीच सोडावं लागत नाही आणि कारागिराचा धंदाही एका रात्रीत बसत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये पीओपीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या त्या योग्यच, शेवटी मातीकडेच जायचंय, पण पेणला त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही द्यायला हवं.

रंगांचा प्रश्न मात्र बादलीत सुटत नाही, शिसं किंवा क्रोमियम असलेला रंग असेल तर तो धातू तिथेच राहतो. म्हणून मूर्ती बुक करतानाच रंग कुठला ते विचारा, आणि बादलीतलं पाणी झाडांना घालायचं तर जलरंगाच्या मूर्तीचंच, तेही भरपूर पातळ करून.