प्लास्टिक सर्जरीचे प्रशिक्षण आणि कोकण

प्लास्टिक सर्जरीचे प्रशिक्षण : जनरल सर्जरीतील एमएस किंवा डीएनबी पदवीनंतर करायचा तीन वर्षांचा अतिविशेषज्ञ अभ्यासक्रम. विद्यापीठाकडून केला तर एम.सीएच. आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडून केला तर डीआरएनबी ही पदवी मिळते. एमबीबीएसची साडेचार वर्षे, इंटर्नशिपचे एक, एमएसची तीन आणि ही तीन मिळून बारावीनंतर साडेअकरा वर्षे होतात. प्रवेश परीक्षेच्या तयारीत आणि सरकारी बाँडमध्ये, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेत, जाणारा काळ यात धरलेला नाही. एमबीबीएसनंतर नीट-पीजीच्या गुणांवर थेट सहा वर्षांचे डीआरएनबी करण्याचीही सोय आहे, पण त्या जागा मोजक्याच असतात.

अलिबाग, ओरोस आणि रत्नागिरी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अलीकडची असून त्यांत हा अभ्यासक्रम नाही. त्यामुळे कोकणातला उमेदवार मुंबईकडे पाहतो. केईएम, सायन, नायर आणि जेजे ही तिथली जुनी प्रशिक्षण केंद्रे. रुग्णांची वाट मात्र जिल्ह्यागणिक बदलते. रायगड-रत्नागिरीचा रुग्ण मुंबईला जातो, तर सावंतवाडी-कुडाळकडच्याला गोव्यातल्या बांबोळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

प्रवेश

प्रवेश नीट-एसएस या अतिविशेषज्ञ अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय परीक्षेतून होतो. परीक्षा संगणकावर असते. १५० प्रश्न, ६०० गुण, अडीच तास. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. प्रश्नपत्रिका सर्जिकल गटाची, म्हणजे मुख्यतः जनरल सर्जरीची असते. युरोलॉजी, कॅन्सर सर्जरी, पोटाची सर्जरी आणि प्लास्टिक या सगळ्यांसाठी हाच एक पेपर. साहजिकच प्लास्टिक सर्जरीचे पुस्तक पाठ करून रँक मिळत नाही. ती पोट, स्तन, थायरॉइड आणि ट्रॉमा (अपघाती इजा) यांतून येते.

अमेरिकेत अर्ज, शिफारसपत्रे, मुलाखत आणि मग दोन्ही बाजूंच्या पसंती जुळवणारी ‘मॅच’ अशी पद्धत आहे. भारतात मुलाखत नाही. उमेदवाराला टाका नीट घालता येतो का, हे प्रवेशाच्या वेळी कोणीही पाहत नाही, आणि हा या पद्धतीतला खरा दोष आहे.

समुपदेशन वैद्यकीय समुपदेशन समिती (एमसीसी) ऑनलाइन करते. नोंदणी, अनामत, पसंतीक्रम भरणे, तो लॉक करणे, जागा मिळणे आणि प्रत्यक्ष हजर होणे असा क्रम असतो. गोंधळ बहुधा कागदपत्रांत होतो. शासकीय महाविद्यालयातून एमएस झालेल्यांचा एक वर्षाचा बाँड बाकी असेल, तर मूळ कागदपत्रे तिथेच अडकतात आणि हजर व्हायच्या दिवसांत धावपळ उडते. एमएस पदवीची वैद्यकीय परिषदेकडे नोंद करून घेणेही बरेच जण शेवटच्या आठवड्यावर टाकतात. कोणत्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत जप्त होते, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. गेल्या वर्षीच्या सीनियरच्या शब्दावर विसंबू नये.

पसंतीक्रम लावताना महाविद्यालयाच्या नावापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. भाजलेल्यांसाठी स्वतंत्र बर्न्स वॉर्ड आहे का? रात्री तुटलेल्या हाताची केस कोण घेते, प्लास्टिकवाले की ऑर्थोवाले? मायक्रोस्कोपवर रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, बसू देतात का? आणि वर्षाला जागा किती? एकच जागा असेल तर शस्त्रक्रिया भरपूर मिळतात, पण ड्यूटीही जवळपास रोजचीच होते.

प्रशिक्षण

पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी भाजलेल्या रुग्णांत जाते. पहिला धडा सलाईनच्या हिशोबाचा. पार्कलंड सूत्राप्रमाणे ४ मिली × वजन × भाजल्याची टक्केवारी इतके रिंगर लॅक्टेट २४ तासांत द्यायचे, त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. ६० किलोचा माणूस ३० टक्के भाजला तर एकूण ७,२०० मिली आणि पहिल्या आठ तासांत ३,६००. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, वॉर्डात दाखल झाल्यापासून नाही. मंडणगडहून निघालेला रुग्ण पाच तासांनी मुंबईत पोचला, तर ३,६०० मधून वाटेत दिलेले वजा करून उरलेले तीन तासांत द्यावे लागते. हे हिशोब सूत्रावर सुरू होतात आणि लघवीवर चालतात. मोठ्या माणसात ताशी किलोमागे अर्धा मिली लघवी हवी. दुसरी नेहमीची चूक म्हणजे नुसती लाल झालेली कातडीही टक्केवारीत धरणे.

विजेचा धक्का लागलेल्याला नुसते हे सूत्र पुरत नाही. आंबे काढताना लोखंडी आकडी तारेला लागली की हाताला छोटी जखम दिसते आणि आतला स्नायू कोपरापर्यंत मेलेला असतो. लघवी चहासारखी झाली तर द्रव वाढवायचे आणि हात ताठ, कडक लागला तर फॅशियोटॉमी, म्हणजे स्नायूवरचे घट्ट आवरण चिरून दाब मोकळा करणे, लांबवायची नाही.

त्यानंतर त्वचारोपण. मांडीवरून हंबी सुरीने पातळ कातडी काढतात. सुरीच्या फटीत १५ नंबरचे ब्लेड जेमतेम सरकते का, हे पाहून जाडी जुळवतात. लावलेली कातडी पहिले दोन दिवस जखमेतल्या द्रवावर तगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या जुळतात. खाली रक्त साचून, सरकून किंवा जंतुसंसर्ग होऊन कातडी जाणार तर नाही ना, याची धास्ती पाचव्या दिवशी ड्रेसिंग उघडेपर्यंत असते. सुकलेले ड्रेसिंग ओढून काढले तर चांगली बसलेली कातडीही निघून येते, म्हणून ते सलाईनने भिजवून सोडवावे. उघड्या हाडावर आणि आवरण गेलेल्या स्नायुबंधावर कातडी बसत नाही. तिथे फ्लॅपच, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह हलवलेला कातडीचा जाड तुकडा, हवा.

मायक्रोसर्जरी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडणे, जिवंत माणसावर शिकायची नसते. आधी रबरी हातमोज्यावर, मग कोंबडीच्या तंगडीतल्या रक्तवाहिनीवर, मग प्रयोगशाळेतल्या उंदरावर. मिलिमीटरभर रुंदीच्या वाहिनीला १०-० या अतिशय बारीक धाग्याने टाके घालताना मागची भिंत सुईत अडकते आणि वाहिनी बंद होते. शिकाऊ हाताची हीच चूक जास्त. ऑपरेशननंतर रात्रभर दर तासाला असा जोडलेला फ्लॅप पाहण्याचे काम रेसिडेंटचे. सुई टोचल्यावर काळपट रक्त भराभर आले तर शीर तुंबली आहे आणि रक्तच आले नाही तर धमनी बंद पडली आहे. दोन्ही वेळी सकाळच्या राउंडची वाट न पाहता ओटी (ऑपरेशन थिएटर) उघडायची.

जन्मतः फाटलेला ओठ बाळ साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर शिवतात आणि टाळू ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. शेवटी लेखी परीक्षा, रुग्णतपासणी आणि तोंडी परीक्षा होते. लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, वेळच्या वेळी भरलेले असावे.

कोकणातल्या केसेस

फुरसे किंवा घोणस चावल्यावर पाय सुजतो, कातडी काळी पडते आणि घरच्यांनी आवळून बांधलेली दोरी नुकसान आणखी वाढवते. मात्र रक्त गोठत नसताना इथे सुरी लावू नये. आधी प्रतिसर्पविष, काचेच्या नळीतली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी, आणि मग मेलेला भाग काढणे. ट्रॉलरच्या विंचमध्ये चिरडलेले हात, कोयत्याने तुटलेली बोटे आणि महामार्गावर चाकाखाली सोललेले पाय हे बाकीचे नेहमीचे.

तुटलेले बोट ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले तर ते जोडण्याच्या लायकीचे राहत नाही. बोटात स्नायू नसल्याने ते थंड ठेवले तर बरेच तास टिकते, पण मनगटापासून तुटलेल्या हाताला इतका वेळ मिळत नाही.

जेजेचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात गावातल्या बायकांना आरोग्यसेवेचे प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प चालवला. आज प्रशिक्षण संपवून जिल्ह्यात परतलेल्या सर्जनला त्वचारोपण, जवळचे फ्लॅप, भाजल्यानंतर आखडलेले सांधे सोडवणे आणि फाटलेले ओठ ही कामे एका भूलतज्ज्ञाच्या जोरावर करता येतात. बोटे जोडायला मात्र मायक्रोस्कोप, दुसरा सर्जन आणि रात्रभर जागणारी नर्स लागते, म्हणून तो रुग्ण अजूनही मुंबईला किंवा बांबोळीला पाठवावा लागतो.