मूत्राशयातले रिसेप्टर आणि ‘डीनर्व्हेशन’चा घोळ

मूत्राशयाचा मज्जातंतू तुटला की स्नायू गप्प बसेल असं वाटतं. होतं उलटंच: मज्जातंतू स्नायूला आकसण्याचा संदेश देताना जे रसायन सोडतात, त्या असिटिलकोलीनच्या अगदी अल्प मात्रेलाही तो जोरात आकसतो. चेता तुटलेला अवयव रासायनिक संदेशाला वाढीव प्रतिसाद देतो, हा नियम १९३९ सालचा. मूत्राशयासाठीची चाचणी आली १९६२मध्ये. कॅथेटरने १०० मिलि भरून दाब मोजायचा, असिटिलकोलीनसारखं काम करणारं बेथानेकॉल २.५ मिग्रॅ त्वचेखाली द्यायचं, आणि १०, २०, ३० मिनिटांनी पुन्हा तेवढंच भरून बघायचं. दाब १५ सेंमी पाण्याहून जास्त चढला तर चाचणी पॉझिटिव्ह, म्हणजे नस गेलेली. इंजेक्शन शिरेत किंवा स्नायूत कधीच नाही, आणि त्यावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन हाताशी हवं. लघवीत जंतुसंसर्ग असेल, रक्तातला युरिया चढलेला असेल, रुग्ण घाबरलेला असेल, तर नस शाबूत असूनही दाब चढतो. उलट, वर्षानुवर्षं ताणून सैल पडलेला स्नायू नस गेलेली असूनही ढिम्म राहतो.

खरा गुंता शब्दांचा आहे. मूत्राशयाच्या गँगलिया, म्हणजे संदेश पुढे सोपवणारे चेतापेशींचे पुंजके, भिंतीत किंवा भिंतीलगत असतात. कमरेखाली मणक्यात नसांचा पुंजका चिरडला तर तुटतो तो गँगलियापर्यंतचा धागा. गँगलियापासून स्नायूपर्यंतचा शेवटचा टप्पा जिवंत राहतो. हे डीसेंट्रलायझेशन; शेवटचा टप्पाच तुटला तर ते खरं डीनर्व्हेशन. गर्भाशयाच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातलं जाळं कापलं जातं, तिथे दोन्हींची सरमिसळ. तरी रिपोर्टात सरसकट ‘डीनर्व्हेटेड’ लिहिलं जातं. त्यात मराठीत ‘अतिसंवेदनशील’ म्हटलं की आणखी पंचाईत: ६०० मिलि साचूनही ज्याला काही जाणवत नाही, त्याच्याच मूत्राशयाला आपण अतिसंवेदनशील म्हणतो. संवेदनशील झालेला असतो स्नायू, माणूस नव्हे. याच गैरसमजातून तुंबलेल्या लघवीवर बेथानेकॉलच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या गेल्या. स्नायू ताठरतो, पण मूत्राशयाचं तोंड आवळून धरणारा स्फिंक्टर उघडत नाही. दाब वाढतो, मूत्राशय रिकामं होत नाही. ही चाचणी ज्याच्या हातून आली, त्याच युरॉलॉजिस्टने १९७२मध्ये स्वच्छ, अधूनमधून घालायच्या कॅथेटरची पद्धत मांडली. टिकली ती पद्धत.

नस गेल्यावर स्नायूवरच्या रिसेप्टरची, म्हणजे रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूंची, संख्या वाढते की प्रकार बदलतो, हा वाद पुढचा. असिटिलकोलीन टिपणाऱ्या रिसेप्टरपैकी निरोगी भिंतीत एम-२ प्रकार बहुसंख्य, पण आकुंचनाचं काम मुख्यतः एम-३चं. नसा तोडलेल्या उंदरांत एम-२ही या कामात ओढला जातो. माणसाच्या नमुन्यांतून तसेच संकेत मिळाले, मात्र एकमत नाही. खरं असेल तर फक्त एम-३ अडवणारं औषध अशा रुग्णाला अपुरं पडावं.

मज्जारज्जू वरच्या पातळीवर दुखावला की चित्र वेगळं. एरवी मूत्राशय भरल्याची खबर ए-डेल्टा नावाचे संवेदी चेतातंतू नेतात. आता एरवी मुके असलेले सी-तंतू, हा संवेदी तंतूंचा दुसरा प्रकार, जागे होतात. १९५७ची थंड पाण्याची चाचणी हेच दाखवते: सुमारे ४ अंश सेल्सिअसचं पाणी सोडताच मूत्राशय आकसून ते बाहेर फेकतं. तान्ह्या बाळात हे स्वाभाविक. याच तंतूंवर मिरचीचा तिखटपणा ओळखणारा टीआरपीव्ही-१ हा रिसेप्टर असतो. त्याचं जनुक १९९७मध्ये सापडलं, पण मिरचीतला तिखट घटक कॅप्सेसिन मूत्राशयात सोडण्याचे प्रयोग त्याआधीच सुरू होते. पहिली काही मिनिटं रुग्णाला सोसवत नसत, हे ओघाने आलंच.

मज्जासंस्थेच्या दुखापतीने किंवा आजाराने मूत्राशय आपोआप आकसून लघवी गळते, त्यासाठी स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनला अमेरिकेत २०११मध्ये मंजुरी मिळाली: २०० युनिट ३० मिलि सलाइनमध्ये, ३० जागी टोचून, ट्रायगोन, म्हणजे मूत्राशयाच्या तळाचा त्रिकोणी भाग, सोडून. ते फक्त स्नायूकडे जाणारा संदेश रोखतं असं धरलं होतं. बायोप्सीत टीआरपीव्ही-१ आणि पी-२-एक्स-३ हे संवेदी रिसेप्टरही कमी झालेले दिसले. लघवी तुंबण्याची शक्यता असल्याने रुग्णाला किंवा घरच्यांना कॅथेटर घालता येतो का, हे टोचण्याआधीच बघावं लागतं.