बडोद्यातली दोन संग्रहालयं: कमाटीबागेतलं आणि राजवाड्याच्या आवारातलं

पुण्या-मुंबईहून बडोद्याला येणाऱ्या पाहुण्यांची फर्माईश बहुधा एका दमात येते: म्युझियम दाखवा, तिथली ममी, देवमाशाचा सांगाडा आणि रविवर्म्याची चित्रं बघायची आहेत. एका जागी ही फर्माईश पुरी होत नाही. ममी आणि देवमासा कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेतल्या बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरीत. रविवर्म्याची ज्यांच्यासाठी बडोदं गाठावं अशी चित्रं आहेत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, महाराजा फतेहसिंह म्युझियममध्ये. दोन्हींवर गायकवाडांचा ठसा, दोन्हींत युरोपातून आणलेली चित्रं नि मूर्ती, दोन्हींच्या माहितीत सयाजीराव तिसरे यांचं नाव. त्यामुळे दांडियाबाजारात जन्म काढलेली माणसंही एकाचं वर्णन दुसऱ्याच्या खात्यावर टाकतात.

गल्लत समजण्यासारखी आहे, पण ती दूर व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. कारण एक संग्रहालय रयतेला शिकवण्यासाठी सरकारी तिजोरीतून उभं राहिलं आणि दुसऱ्यात एका घराण्याचा खाजगी संग्रह पुढे लोकांसाठी खुला झाला. हा फरक लक्षात ठेवून पाहिलं, की दोन्हीकडच्या वस्तू जास्त बोलतात.

आधी कमाटीबागेतलं. विश्वामित्रीच्या काठची ही बाग १८७९ सालची. संग्रहालयाची कल्पना १८८७ च्या सुमारास पुढे आली आणि इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. हे साल सुटं पाहून चालणार नाही. १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झालं होतं. त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेल्या या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत दादासाहेब फाळके शिकले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ पासून तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. संग्रहालय या मालिकेतलंच आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही डोळ्यांनी शिकता यावं, कारागिराला दूरदेशीची कारागिरी पाहता यावी, शाळकरी पोराला खडक, प्राणी, यंत्रं जवळून न्याहाळता यावीत, हा त्यामागचा विचार. म्हणून इथे सुरुवातीपासून कला, उद्योग आणि विज्ञान एका छपराखाली आले.

या संग्रहालयाबद्दल एक वाक्य सगळीकडे छापलेलं सापडतं: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या आणि सायन्स म्युझियमच्या धर्तीवर हे उभारलं. वाक्याचा आशय बरोबर आहे, सालांचा मेळ मात्र बसत नाही. १८९४ मध्ये लंडनला ही दोन स्वतंत्र संग्रहालयं नव्हतीच. १८५१ च्या हाइड पार्कमधल्या जागतिक प्रदर्शनात जो नफा झाला, त्यातून साउथ केन्सिंग्टन भागात जमीन घेतली गेली आणि १८५७ मध्ये तिथे साउथ केन्सिंग्टन म्युझियम उघडलं. पहिली इमारत लोखंडी पत्र्यांची होती. ती इतकी बोजड दिसे की लंडनकरांनी तिला ‘ब्रॉम्प्टनचे बॉयलर’ असं नाव पाडलं. गालिचे, भांडी, शिल्पं आणि यंत्रं, शास्त्रीय उपकरणं हे सगळं त्या एका संस्थेचं होतं. १८९९ मध्ये राणी व्हिक्टोरियानं नव्या इमारतीची कोनशिला बसवली तेव्हा संस्थेचं नाव बदलून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम झालं. १९०९ मध्ये विज्ञानाचा विभाग कायमचा वेगळा झाला, तेच सायन्स म्युझियम. त्याची स्वतःची मोठी इमारत खुली व्हायला १९२८ साल उजाडलं. प्राण्यांसाठी तर तिथे १८८१ पासूनच तिसरी इमारत होती, नॅचरल हिस्टरी म्युझियमची.

म्हणजे बडोद्यासमोर नमुना होता तो न फुटलेल्या साउथ केन्सिंग्टनचा. लंडनला एकाची दोन झाली, बडोद्यात ती एकत्रच राहिली. आजही कमाटीबागेत इजिप्तची ममी, तिबेटी नि जपानी वस्तू, मोगल लघुचित्रं, भूगर्भशास्त्राचे नमुने आणि प्राण्यांचे सांगाडे एकाच फेरीत दिसतात. काहींना हे विस्कळीत वाटतं. मला ते या संग्रहालयाचं सगळ्यात मोठं वैभव वाटतं. लंडनमध्ये ज्याच्यासाठी तीन इमारती फिराव्या लागतात, ते इथे एका तिकिटात होतं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या माणसाला ज्ञान कसं सलग दिसत होतं हेही कळतं.

देवमाशापाशी घाई करू नका. निळ्या देवमाशाचा हा सांगाडा सुमारे ७० फूट लांब आहे. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी तो मासा वाहून आला होता. पूर्ण वाढलेला निळा देवमासा १०० फुटांच्या आसपासही जाऊ शकतो, त्या हिशेबानं हा लहानच. जबड्याची दोन कमानदार हाडं नीट बघा: दात नाहीत, दातांच्या जागाही नाहीत. जिवंतपणी त्याच्या वरच्या जबड्याला झालरी असतात आणि त्यांतून पाणी गाळून तो इवलीशी कोळंबीजात खातो. मग बाजूच्या पराकडे या. बाहेरून नुसता पर दिसणाऱ्या या अवयवाच्या आत दंडाचं हाड, कोपराखालची दोन हाडं आणि पुढे बोटांच्या पेरांची रांग असते. आपल्या हाताशी ताडून पाहा. देवमासा मासा नाही, जमिनीवर चालणाऱ्या पूर्वजांचा वंशज आहे, हे पुस्तकातल्या पानभर मजकुरापेक्षा इथे पाच मिनिटांत पटतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना बोटं मोजायला लावा.

या संग्रहालयाच्या आतही एक जोडी आहे. म्युझियम आणि पिक्चर गॅलरी या दोन वेगळ्या इमारती आहेत आणि त्यांची वयंही वेगळी आहेत. म्युझियमची इमारत १८९४ ची. तिच्या आराखड्याबद्दल मेजर चार्ल्स मँट आणि रॉबर्ट चिझम ही दोन नावं जोडीनं घेतली जातात. मँटनं लक्ष्मीविलासचा आराखडा केला, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. पण तो १८८१ मध्येच वारला, त्यामुळे ही इमारत उभी राहताना पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मद्रासहून आलेल्या चिझमनं मँटची राहिलेली कामं पुढे नेली. युरोपीय बांधणीला हिंदुस्थानी कमानी, छत्र्या, जाळ्या यांची जोड देण्याची रीत त्याच्या हातात मुरलेली होती.

पिक्चर गॅलरीचं काम १९०८ मध्ये सुरू झालं आणि १९१४ मध्ये इमारत तयार झाली. दरवाजे मात्र १९२१ मध्ये उघडले. कारण सरळ होतं: मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाच्या सल्ल्यानं युरोपात चित्रं जमवली, आणि ती हलवायची तर पहिलं महायुद्ध आडवं आलं. सात वर्षं भिंती तयार आणि चित्रं समुद्रापलीकडे. गॅलरीच्या माहितीत १९१४ आणि १९२१ अशी दोन्ही सालं भेटतात. दोन्ही खरी आहेत.

पुढचा मोठा टप्पा हर्मान गोएट्झ यांचा. नाझी राजवटीच्या काळात युरोप सोडून आलेले हे जर्मन कलेतिहासकार १९४० च्या दशकात इथे संचालक होते. त्यांच्याच वेळी संग्रहालयाची संशोधनपत्रिका निघू लागली आणि बडोद्याचं नाव अभ्यासकांच्या जगात पोचलं. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची घडी बसवायलाही तेच गेले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात वेगळं झालं, आणि संग्रहालय त्या त्या सरकारकडे आलं. मालक बदलले तरी ते सार्वजनिकच राहिलं, कारण मुळातच ते राजाच्या घरातलं नव्हतं.

अकोट्याच्या मूर्तींमुळे हे नीट उमगतं. विश्वामित्रीपलीकडचं अकोटा हे आज शहराचाच भाग. १९५१ मध्ये तिथे जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. ६८ मूर्ती, साधारण पाचव्या ते अकराव्या-बाराव्या शतकांतल्या. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास करून त्या जगापुढे आणल्या. त्यातली जीवंतस्वामींची, म्हणजे महावीरांची, मूर्ती शोधून पाहाच. महावीर एरवी निःसंग, अलंकाररहित दिसतात. इथे ते दीक्षेआधीचे राजपुत्र आहेत: डोक्यावर उंच मुकुट, अंगावर दागिने, नेसूचं वस्त्र, आणि तरीही उभं राहणं ध्यानस्थ. हे शहराच्या मातीतून निघालेलं धन संग्रहालयात आलं, ते कुणाच्या आवडीनं विकत घेतलेलं नाही. दुसऱ्याच वर्षी, १९५२ मध्ये, महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो देशातला पहिला.

आता राजवाड्याच्या आवारातलं. महाराजा फतेहसिंह म्युझियमची इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेची, मोतीबाग शाळेची. जुनी वास्तू पाहून संग्रहालयही तितकंच जुनं वाटतं, पण ते १९६१ सालचं, फत्तेसिंहराव गायकवाड यांच्या काळातलं. कमाटीबागेतलं त्याहून ६७ वर्षांनी थोरलं. हे सरकारी नाही, घराण्याच्या न्यासाकडे आहे. इथे खडक नाहीत, सांगाडे नाहीत, विज्ञानाचा विभाग नाही. इथे आहे तो सयाजीरावांचा आणि घराण्याचा कलासंग्रह: युरोपीय चित्रांच्या प्रती, ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराचं काम, चिनी-जपानी वस्तू, आणि अर्थातच रविवर्मा.

१८८८ मध्ये सयाजीरावांनी रविवर्म्याला १४ पौराणिक चित्रांचं काम दिलं होतं. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवदेवता छापील रूपात घराघरांतल्या भिंतींवर आल्या. आपल्या आज्यांनी त्या छापील प्रतींनाच नमस्कार केला. मूळ तैलचित्रासमोर उभं राहिलं की छापात काय गळून गेलं ते दिसतं: लुगड्याच्या पदरावरच्या जरीला तिरप्या उजेडात येणारी चमक, मोत्याच्या एका बाजूला टेकवलेला पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका, अंगकांतीत हळूहळू उतरत जाणाऱ्या छटा. त्यासाठी थोडं बाजूला सरकून, खिडकीचा उजेड चित्रावर घेऊन बघावं लागतं.

दोन्ही ठिकाणी विचारायचे प्रश्नही वेगळे. राजवाड्याच्या आवारात विचारावं, हे कुणी, कधी, कोणाकडून करवून घेतलं? उत्तरातून सयाजीरावांची अभिरुची उलगडते. कमाटीबागेत विचारावं, हे कशाचं बनलंय, कसं चालतं, कुठून आलं? तिथे राजाची आवड दुय्यम आहे.

एकाच दिवसात दोन्ही करायची असतील तर सकाळी कमाटीबाग घ्या, कारण तिथे पाय जास्त मोडतात आणि मुलं दुपारनंतर कंटाळतात. सोमवारी जाऊ नका आणि वेळा आधी विचारून घ्या. रिक्षावाल्याला नुसतं ‘म्युझियम’ सांगितलंत तर तो बहुधा बागेच्या फाटकाशी सोडेल. दुसरीकडे जाताना ‘लक्ष्मीविलास, फतेहसिंह म्युझियम’ असं पूर्ण सांगा. राजवाडा आतून बघायचा असेल तर त्याची चौकशी वेगळी करा, संग्रहालय त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत आहे.