पेनेम्युंडेवरील हवाई हल्ला (ऑपरेशन हायड्रा)

दुसऱ्या महायुद्धात १७-१८ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाने जर्मनीच्या अग्निबाण संशोधन केंद्रावर जड बॉम्बफेकी विमानांनी केलेला हल्ला. त्याचे सांकेतिक नाव ‘हायड्रा’. जर्मनीच्या ‘व्ही’ अस्त्रांविरुद्ध, म्हणजे उडते बॉम्ब आणि लांब पल्ल्याचे अग्निबाण यांविरुद्ध, दोस्त राष्ट्रांनी पुढे ‘क्रॉसबो’ या नावाखाली जी दीर्घ हवाई मोहीम चालवली, तिची सुरुवात या हल्ल्यापासून धरतात. एरवी रात्रीच्या बॉम्बवर्षावात आख्खे शहर हेच लक्ष्य असे; इथे मात्र एका छोट्या आवारातल्या ठरावीक इमारती आणि त्यांत राबणारी डोकी टिपायची होती.

पेनेम्युंडे हे बाल्टिक समुद्रातील उझेडोम बेटाच्या उत्तर टोकावरचे, पेने नदीच्या मुखाजवळचे कोळ्यांचे गाव. वस्ती विरळ, भोवती पाइनचे रान आणि ईशान्येला खुला समुद्र. लांब पल्ल्याचे अग्निबाण डागून पाहण्यासाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते. १९३६ पासून जर्मन सैन्याने येथे बांधकाम सुरू केले. लष्करी कारभार वॉल्टर डॉर्नबर्गर यांच्याकडे, तर तांत्रिक सूत्रे तरुण वेर्नर फॉन ब्राउन यांच्याकडे होती. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी येथून ए-४ या द्रवइंधनी अग्निबाणाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. हाच पुढे व्ही-२ म्हणून कुप्रसिद्ध झाला. आवाराचा पश्चिम भाग जर्मन हवाई दलाच्या ताब्यात होता आणि तेथे वैमानिकरहित उडत्या बॉम्बची, म्हणजे व्ही-१ ची चाचणी चाले. ही दुहेरी मालकी हल्ल्याच्या परिणामांचा विचार करताना महत्त्वाची ठरते.

ब्रिटनला या उद्योगाचा सुगावा तुकड्यातुकड्यांनी लागला. नोव्हेंबर १९३९ मध्ये ऑस्लोतील ब्रिटिश वकिलातीकडे आलेल्या एका निनावी पत्रात पेनेम्युंडेचा उल्लेख होता, पण त्याकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. मार्च १९४३ मध्ये युद्धकैदी जर्मन सेनापती फॉन थोमा आणि क्र्यूव्हेल यांचे खासगी बोलणे ब्रिटिशांनी चोरून ध्वनिमुद्रित केले. त्यात अग्निबाणांच्या प्रयोगांचा विषय निघाला आणि धोक्याची घंटा वाजली. पोलिश भूमिगत संघटनेकडून, तसेच केंद्रावर सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांकडूनही माहिती पाझरत होती. एप्रिलमध्ये चर्चिल यांचे जावई डंकन सँडिस यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. टेहळणी विमानांनी काढलेली छायाचित्रे मेडमनम येथील केंद्रात भिंगाखाली तपासली जात. जूनमधील छायाचित्रांत ब्रिटिश हवाई गुप्तवार्तेतील शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांना आडवा ठेवलेला अग्निबाण स्पष्ट दिसला. चर्चिल यांचे विज्ञान सल्लागार लॉर्ड चेरवेल यांना मात्र हा सगळा जर्मनांनी रचलेला देखावा वाटत होता. २९ जूनच्या बैठकीत हा वाद चर्चिल यांच्यासमोर झाला आणि हल्ल्याचा निर्णय झाला.

निर्णय आणि अंमल यांत सात आठवडे गेले, ते रात्री मोठ्या होण्याची वाट पाहण्यात. इंग्लंडपासून इतक्या दूर जाऊन अंधारातच परतायचे, तर उन्हाळ्यातली छोटी रात्र पुरत नव्हती. शिवाय ‘ओबो’ ही अचूक रेडिओ-मार्गदर्शन यंत्रणा तिथवर पोहोचत नव्हती. म्हणून नेहमीचा शिरस्ता मोडून पौर्णिमेच्या आसपासची रात्र निवडली गेली आणि विमानांनी सुमारे ८,००० फुटांवरून, म्हणजे एरवीच्या निम्म्याहूनही कमी उंचीवरून बॉम्ब टाकायचे ठरले. चंद्रप्रकाशात लक्ष्य दिसते तसे हल्लेखोरही दिसतात, याची जाणीव सर्वांना होती. विमानचमूंना खरे कारण सांगितलेच नाही. येथे रात्रलढाऊ विमानांसाठी नवे रडार बनते, एवढेच त्यांना कळले; आणि काम फसले तर नुकसान कितीही होवो, पुढच्या रात्री पुन्हा जावे लागेल, असेही बजावले गेले.

मोहिमेत ५९६ विमाने निघाली : ३२४ लँकेस्टर, २१८ हॅलिफॅक्स आणि ५४ स्टर्लिंग. त्यांच्या तीन लाटा होत्या. पहिलीचे लक्ष्य शास्त्रज्ञ व अभियंत्यांची वसाहत, दुसरीचे अग्निबाण जोडणीचे कारखाने आणि तिसरीचे प्रयोगशाळा. हा क्रम बोलका आहे. यंत्रे पुन्हा बसवता येतात, जाणकार माणसे लवकर घडत नाहीत, असा हिशेब त्यामागे होता, आणि कुटुंबांसह झोपलेली वसाहत म्हणूनच यादीत सर्वांत वर आली. ग्रुप कॅप्टन जॉन सर्बी यांच्याकडे ‘मास्टर बॉम्बर’ची कामगिरी होती. लक्ष्यावर घिरट्या घालत राहायचे, रंगीत खुणादीप कुठे पडले ते पाहायचे आणि येणाऱ्या विमानांना रेडिओवरून सूचना द्यायच्या, असे हे काम. इतक्या मोठ्या हल्ल्यात ही पद्धत प्रथमच वापरली गेली.

जर्मनांना चकवण्यासाठी आठ मॉस्किटो विमाने बर्लिनवर पाठवली होती. त्यांनी टाकलेले खुणादीप पाहून राजधानीवरच घाला येतोय असा समज झाला आणि रात्रलढाऊ विमानांचा मोठा ताफा बर्लिनकडे धावला. सर्वत्र इतका गोंधळ उडाला, की खाली बर्लिनच्या विमानवेधी तोफा आग ओकत होत्या आणि वर त्यांच्याच बाजूचे वैमानिक न आलेल्या शत्रूला शोधत होते.

इकडे पेनेम्युंडेवर पहिल्याच खुणा चुकल्या. काही खुणादीप वसाहतीऐवजी सुमारे तीन किलोमीटर दक्षिणेकडे, ट्रासेनहाइड येथील मजुरांच्या छावणीवर पडले. सर्बी यांनी चूक ओळखून पुढच्या विमानांना मूळ लक्ष्याकडे वळवले, पण तोवर छावणीवर बॉम्ब पडून चुकले होते. येथे ५०० ते ६०० परदेशी मजूर मेले, त्यांत बहुसंख्य पोलिश. केंद्राची माहिती बाहेर पोहोचवण्यासाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांचे निवासही याच छावणीत होते. जर्मन वसाहतीत सुमारे १८० माणसे दगावली, म्हणजे या रात्री ज्यांना मारायचे होते त्यांच्या तिप्पट ती माणसे मेली, ज्यांच्याशी ब्रिटनचे काहीच वैर नव्हते. शास्त्रज्ञांपैकी मोठा बळी एकच म्हणता येईल : अग्निबाणाच्या इंजिनाची जबाबदारी असलेले वॉल्टर थील आपल्या कुटुंबासह ठार झाले. डॉर्नबर्गर आणि फॉन ब्राउन दोघेही वाचले.

पहिल्या दोन लाटा तुलनेने सुखरूप परतल्या. तिसरी पोहोचली तेव्हा बर्लिनची हूल उघडी पडली होती आणि जर्मन लढाऊ विमाने उत्तरेला आली होती. त्या रात्री गमावलेल्या ४० विमानांपैकी बहुसंख्य याच लाटेतील. कॅनडाच्या ६ व्या गटाने ५७ पैकी १२ विमाने गमावली. तिरप्या कोनात वरच्या दिशेने बसवलेल्या तोफांचा वापर जर्मन रात्रलढाऊ विमानांनी याच रात्री प्रथम केला. बॉम्बफेकी विमानाच्या पोटाखाली तोफ नव्हती आणि तिकडे पाहण्याची सोयही नव्हती. त्यामुळे खालून सावकाश जवळ येणारा शत्रू चमूच्या लक्षातही येत नसे. या युक्तीने पुढील काळात ब्रिटिशांचे फार नुकसान केले.

दिवसा श्वाइनफुर्ट-रेगेन्सबुर्गवर अमेरिकनांचा हल्ला आणि रात्री पेनेम्युंडे, अशा दुहेरी आघातानंतर जर्मन हवाई दलाचे प्रमुख स्टाफ अधिकारी हान्स येशोनेक यांनी १८ ऑगस्टला स्वतःवर गोळी झाडून घेतली.

सुमारे १,८०० टन बॉम्ब पडूनही केंद्र उद्ध्वस्त झाले नाही. अतिवेगी वातबोगदा (हवेच्या वेगवान झोतात नमुने तपासण्याची सोय), मोजमापाचा विभाग आणि वीजकेंद्र बचावले. हवाई दलाच्या पश्चिम भागावर तर हल्ला झालाच नाही, त्यामुळे व्ही-१ चे काम अडले नाही. व्ही-२ ला किती विलंब झाला, याचे अंदाज चार आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत जातात. हल्ल्यानंतर काही पडझड मुद्दाम तशीच ठेवून, केंद्र निकामी झाल्याचा देखावा जर्मनांनी उभा केला, ही गोष्टही विलंब मोजताना ध्यानात ठेवावी लागते. तरी युद्धाच्या धावपळीत दोन महिने थोडे नव्हेत. पहिला व्ही-२ लंडनवर पडला तो ८ सप्टेंबर १९४४ रोजी, म्हणजे नॉर्मंडीत दोस्तांचे सैन्य उतरून तीन महिने झाल्यावर.

खरा बदल जागेचा झाला. उड्डाणचाचण्या पोलंडमधील ब्लिझ्ना येथे गेल्या आणि उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगराच्या बोगद्यांत. २८ ऑगस्ट १९४३ रोजी, हल्ल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, बुखेनवाल्डच्या छळछावणीतून पहिले कैदी तेथे आणले गेले. या मिटेलबाउ-डोरा छावणीतून सुमारे ६०,००० कैदी गेले. त्यांपैकी २०,००० च्या आसपास मरण पावले. याचा सगळा दोष बॉम्बफेकीवर टाकणे बरोबर नाही : छावणीतील कैद्यांना अग्निबाणाच्या कामाला जुंपण्याची सुरुवात हल्ल्यापूर्वी खुद्द पेनेम्युंडेतच झाली होती. हल्ल्याने त्याला वेग दिला आणि कारखाना डोंगराखाली नेला, जिथे त्या काळचे कोणतेही जड बॉम्बफेकी विमान त्याचे फारसे बिघडवू शकत नव्हते.

पुढच्या वर्षभरात ‘क्रॉसबो’ मोहिमेची लक्ष्ये बदलली. उत्तर फ्रान्समधील व्ही-१ डागण्याचे तळ, वॉटेन आणि विझेर्न येथील प्रचंड काँक्रीटची बांधकामे, मिमोयेकची भूमिगत तोफ या सर्वांवर जड विमाने गेली. यांपैकी अखेरच्या तीन ठिकाणी ब्रिटिश अभियंते बार्न्स वॉलिस यांचा पाच टनांहून वजनी ‘टॉलबॉय’ बॉम्ब उपयोगी पडला. पेनेम्युंडेवर अमेरिकी विमानांनी १९४४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणखी तीनदा हल्ले केले. ऑगस्ट १९४३ च्या त्या रात्री वाचलेले वीजकेंद्र १९९० पर्यंत वीज देत राहिले. १९९१ पासून तेथे संग्रहालय आहे.