सीओडीला दोनने भागून बीओडी निघत नाही

एका ईटीपीचं, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं, रजिस्टर चाळत होतो. महिनाभराचे बीओडी (पाण्यातलं सेंद्रिय खायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन), आणि प्रत्येक आकडा शेजारच्या सीओडीच्या (तेच रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) नेमका निम्मा. असं रजिस्टर पहिल्यांदाच पाहत नव्हतो, म्हणूनच जास्त राग आला.

प्रयोगशाळेतल्यांना सीओडी शिकवायला नको. डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड, १५० अंशांवर दोन तास, मग रंग दाखवणारं फेरोइन टाकून एफएएसचं (फेरस अमोनियम सल्फेटचं) टायट्रेशन. निळसर हिरवा रंग एका थेंबात तांबूस झाला की थांबायचं. बीओडीची बाटली मात्र २७ अंशांवर तीन दिवस ठेवावी लागते. तेवढं थांबायला नको म्हणून हा भागाकार.

दोन्हीकडे मोजतो ऑक्सिजनच, पण खाणारा वेगळा आहे. गरम ॲसिडमधलं डायक्रोमेट जवळजवळ सगळं सेंद्रिय जाळून टाकतं. बॅक्टेरिया पचेल तेवढंच खातात, तेही तीन दिवसांत जमेल तेवढंच. साखर दोघांनाही चालते. कागद कारखान्याच्या पाण्यातला सेल्युलोजचा तंतू डायक्रोमेट संपवतं. बीओडीच्या बाटलीत तो तिसऱ्या दिवशीही बहुतांशी तसाच असतो.

आता एकाच प्लांटचं पाणी दोन ठिकाणी घ्या. समजा, इनलेटला सीओडी ३००० आणि बीओडी १५०० मि.ग्रॅ./लि. आला. भागाकार जुळला. पुढे एरेशन टँकमध्ये, जिथे पाण्यात हवा सोडतात, बॅक्टेरियांनी खाण्याजोगं होतं ते खाल्लं, मागे उरलं ते मुख्यतः न पचणारं. त्यामुळे आउटलेटला सीओडी २०० असताना बीओडी १०० नव्हे, २० सुद्धा असू शकतो. प्लांट जितका चांगला चालेल, तितकं हे गुणोत्तर बिघडणारच. दोनने भागणारा मात्र चांगल्या प्लांटला नापास करतो आणि नाहक हवा सोडणारे ब्लोअर वाढवतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मानकांत बीओडी ३० आणि सीओडी २५० मि.ग्रॅ./लि. या मर्यादा आहेत. त्यांचा भागाकार करून नवा फॅक्टर काढणारेही भेटतात. त्या फक्त मर्यादा आहेत.

विषारी पाण्यात मात्र बाटलीच फसवते. क्रोमियम किंवा तांबं असेल तर बॅक्टेरिया दबतात आणि बीओडी खोटा कमी दिसतो. डायल्यूशन वाढवत, म्हणजे नमुना अधिकाधिक पातळ करत, नेल्यावर हिशेबाचा बीओडी वाढत गेला, तर हेच समजा. एकाच डायल्यूशनचा बीओडी मी स्वीकारत नाही.

सीओडीत क्लोराइडची बाब छोटी आहे, पण त्याला बांधून ठेवणाऱ्या मर्क्युरिक सल्फेटमध्ये काटकसर करू नका. लिटरला १००० मि.ग्रॅ. क्लोराइड मोकळं राहिलं तर सीओडी सुमारे २२५ ने फुगतो.

गुणोत्तर हवंच असेल तर आपल्याच प्लांटच्या, एकाच पॉइंटच्या नमुन्यांवर काही आठवडे दोन्ही चाचण्या करून काढा, आणि ते फक्त रोजचा प्लांट चालवायला वापरा. बीओडीच्या रकान्यात बाटलीचाच आकडा जायला हवा. साखर कारखान्यात रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरच्या बॉडी (भांडी) कॉस्टिकने धुतात त्या दिवशी तर हे गुणोत्तरही लावू नका, कारण त्या दिवशीचं पाणी नेहमीचं नसतं.