शके 1948 मधील सोलापूरचे आकाश

शके 1948, म्हणजे पराभव संवत्सर, 19 मार्च 2026 रोजी गुढीपाडव्याला सुरू होऊन 6 एप्रिल 2027 रोजी फाल्गुन अमावास्येला संपते. मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे हे वर्ष तेरा महिन्यांचे आणि 384 दिवसांचे आहे. या वर्षात सोलापुरातून दिसणाऱ्या ठळक खगोलीय घटना या नोंदीत दिल्या आहेत. वर्ष जानेवारीपासून न मोजता पाडव्यापासून मोजले आहे, कारण सोलापूर हे पंचांगाचे गाव आहे. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले दाते पंचांग शंभरहून अधिक वर्षे याच शहरातून निघते आणि महाराष्ट्रभर भिंतींवर, देवघरांत पोहोचते. त्यातले आकडे ज्या आकाशाचे आहेत ते आकाशही इथल्या माणसाने गच्चीवर जाऊन पाहावे, हे ओघानेच येते.

शहराचे स्थान

सोलापूरचा अक्षांश सुमारे 17.7 अंश उत्तर आणि रेखांश सुमारे 75.9 अंश पूर्व आहे. इथल्या आकाशाचे वेगळेपण या दोन आकड्यांतून येते. ध्रुवतारा क्षितिजापासून अक्षांशाइतकाच, म्हणजे साडेसतरा-अठरा अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते. उत्तरेच्या क्षितिजावर अशा पावणेदोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. तो फार तेजस्वी नाही आणि शहरात इमारतींमागे सहज लपतो. दक्षिणेला अगस्त्य हा तेजस्वी तारा सर्वांत उंच येतो तेव्हा साडेएकोणीस अंशांवर असतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास मोकळ्या जागी उभे राहिले, तर एका बाजूला ध्रुव आणि पाठीमागे जवळपास तितक्याच उंचीवर अगस्त्य असतो. उत्तर भारतात अगस्त्य क्षितिजाला टेकलेला असतो. सोलापूरकराला तो घरच्यासारखा आहे.

भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरून ठरते आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, तर सरासरी 12 वाजून 26 मिनिटांनी. पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती आणि तिच्या आसाचा कल यांमुळे ही वेळही सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12 वाजून 10 मिनिटे असते, तर फेब्रुवारीच्या मध्यास 12 वाजून 40 मिनिटे. डिसेंबरात दिवस सर्वांत लहान असला तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात होतो, त्याचे कारण हेच. सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलांना हे अंगावरच्या थंडीवरून कळते, कारण मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

पाडवा आणि अधिक महिना

या वर्षाचा पाडवा गणिताच्या दृष्टीने नाजूक आहे. 19 मार्चला सूर्योदयाच्या वेळी अजून अमावास्या असते. प्रतिपदा सातच्या थोडी आधी लागते आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापूर्वीच संपते. म्हणजे तिला सूर्योदय मिळतच नाही, तिचा क्षय होतो आणि पाडवा 19 तारखेलाच येतो. दुसऱ्याच दिवशी, 20 मार्चला रात्री 8 वाजून 16 मिनिटांनी वसंतसंपात होतो. चांद्र वर्षाचा आरंभ आणि सूर्य विषुववृत्तावर येणे यांत असे एका दिवसाचे अंतर क्वचितच राहते.

बारा चांद्र महिन्यांचे 354 दिवस होतात. सौर वर्षाशी पडणारी सुमारे अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण 32-33 महिन्यांनी एक जादा महिना घालावा लागतो. 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ त्याच हिशेबाचा. जावयाच्या वाणाची, अनारशांची तयारी घरोघर सुरू असते. ज्या अमावास्यांच्या दरम्यान सूर्याचे एकही राशीसंक्रमण होत नाही तो महिना अधिक, इतका साधा आणि सुंदर नियम त्यामागे आहे. इंग्रजी मे महिन्यातही याच वर्षी दोन पौर्णिमा आल्या आहेत, 1 आणि 31 तारखेला.

शून्य सावली

सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिली वेळ 10-11 मेची, दुसरी 2 ऑगस्टच्या आसपासची. मे महिन्यातला दिवस खात्रीचा, कारण आभाळ मोकळे असते आणि ऊन भाजून काढणारे.

त्यासाठी प्लंबरकडे पडलेला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा पुरतो. तो गच्चीवर सपाट फरशीवर सरळ उभा करावा. बाराला नळीची सावली पश्चिमेकडे दोन बोटांएवढी असते. सव्वाबाराच्या आत ती सेंटिमीटरभरही उरत नाही. नळीत डोकावले तर आतल्या भिंतीवरून प्रकाशाची कड खाली घसरताना दिसते. 12 वाजून 22-23 मिनिटांनी ती तळाला पोहोचते आणि तळाचे पूर्ण वर्तुळ उजळते. दोन-तीन मिनिटांत वर्तुळ पुन्हा कापले जाते आणि सावली पूर्वेकडे निघते. पृथ्वी फिरते हे आपण पाठ केलेले असते. इथे ते डोळ्यांसमोर घडते. सोलापूरच्या प्रत्येक शाळेने या दिवशी मुलांना निदान अर्धा तास मैदानात आणावे, भले सुट्टी असली तरी.

पंढरपूर जवळपास याच अक्षांशावर असल्याने तिथे दिवस तोच, वेळ फक्त दोनेक मिनिटांनी पुढे. बार्शी आणि करमाळा उत्तरेला आहेत. तिथे मेमध्ये हा दिवस दोन-तीन दिवसांनी उशिरा आणि ऑगस्टमध्ये तितकाच लवकर येतो. मे ते ऑगस्टमधल्या या काळात सोलापुरात दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. 21 जूनला, सूर्य उत्तरेच्या टोकाला असताना, तो माथ्यापासून जवळपास सहा अंश उत्तरेला असतो. त्या दिवशी दिनमान सुमारे 13 तास 10 मिनिटांचे असते, तर 22 डिसेंबरला जेमतेम 11 तासांचे. ध्रुवप्रदेशाजवळच्या देशांच्या तुलनेत हा फरक किरकोळ आहे, पण तेवढ्यावर ज्वारीचे आणि माणसांचे वेळापत्रक बदलते.

मेच्या रात्री आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी असते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू या तारकासमूहाचा छोटा पतंग उभा असतो. तो अवघा बारा अंशांवर असल्याने दक्षिणेला माळ हवे, शहराचे दिवे नकोत. त्याच्या डावीकडे नरतुरंग तारकासमूहातले मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे येतात. उन्हाळ्यातली धूळ क्षितिजालगतचे तारे खाते. वळवाची सर पडून गेल्यानंतरची रात्र त्यामुळे सर्वांत चांगली.

पावसाची नक्षत्रे

9 जूनच्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि गुरू एकमेकांपासून दीड अंशाच्या थोडे पलीकडे, म्हणजे तीन चंद्रबिंबे मावतील इतक्या अंतरावर असतात. पुनर्वसूचे दोन तारे त्यांच्या जवळच असतात. या वर्षाची ही सर्वांत देखणी युती. ढग मात्र ऐन वेळी आडवे येऊ शकतात, कारण आदल्याच दिवशी मृग लागलेला असतो.

‘मृग लागला’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सूर्य मृग नक्षत्रात आला, असा तो अर्थ आहे. म्हणजे ज्या दिवसांत शेतकरी मृगाचे नाव घेतो, त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्यासोबत उगवून मावळतात आणि दिसत नाहीत. ते पाहायचे तर हिवाळ्याच्या रात्री. सूर्य एका नक्षत्रात, म्हणजे 13 अंश 20 कलांत, तेरा-चौदा दिवस राहतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी पावसाची नक्षत्रे ओळीने येतात. सोलापूर पर्जन्यछायेत असल्याने मृगाने इथे बऱ्याचदा तोंडाला पाने पुसली आहेत. खरी भिस्त उत्तरा आणि हस्तावर, कारण सप्टेंबर हा इथला भरवशाच्या पावसाचा महिना आणि त्याच ओलीवर रब्बीची ज्वारी पेरली जाते. या भागातले ढग इतके अवघड की पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये कृत्रिम पावसाच्या अभ्यासासाठी सोलापूरच निवडले.

ऑगस्टच्या मध्यास अगस्त्य पहाटे पूर्वेच्या दक्षिणेला पुन्हा उगवू लागतो. ढगांमुळे तो प्रत्यक्ष दिसायला बहुधा सप्टेंबर उजाडतो. 12-13 ऑगस्टच्या रात्री ययाती उल्कावर्षावाला अमावास्येचा अंधार लाभला आहे. ऐन पावसाळ्यात येणारा हा वर्षाव सोलापूरकरांच्या नशिबी क्वचितच असतो.

ग्रहणे

शके 1948 मध्ये सोलापुरातून पाळण्याजोगे एकही ग्रहण नाही. 12 ऑगस्ट 2026 चे खग्रास सूर्यग्रहण ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनचे. ते लागते तेव्हा इथे रात्र असते. 28 ऑगस्टला, नारळी पौर्णिमेला, चंद्राचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पृथ्वीच्या छायेत जातो, पण सकाळी आठनंतर, चंद्र मावळल्यावर. 6 फेब्रुवारी 2027 चे कंकणाकृती ग्रहण दक्षिण अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेचे. राहते 21 फेब्रुवारीच्या पहाटेचे छायाकल्प चंद्रग्रहण. ते इथून दिसते, पण चंद्र फक्त किंचित मळकट होतो, त्यामुळे पंचांगकर्ते त्याचे वेध देत नाहीत.

वर्षाच्या दोन्ही बाजूंना मात्र ग्रहणे आहेत. पाडव्याच्या सोळा दिवस आधी, 3 मार्च 2026 च्या संध्याकाळी, सोलापुरात चंद्र ग्रासलेलाच उगवतो आणि 6 वाजून 47 मिनिटांनी सुटतो. ग्रस्तोदित ग्रहणाची ही पाव तासाची झलक आहे. पुढच्या शकात 2 ऑगस्ट 2027 रोजी, दुसऱ्या शून्य सावलीच्याच दिवसांत, इजिप्तमध्ये सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असणारे सूर्यग्रहण सोलापुरातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल. ढगांनी साथ दिली तर लिंबाच्या झाडाखाली उभे राहावे. पानांच्या फटींतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल न राहता चंद्रकोरींचे होतात. सूर्याकडे थेट मात्र ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातूनच पाहावे.

ग्रहणांशी या मुलखाचे नाते जुने आहे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा सोलापूरच्या दक्षिणेकडून गेला आणि जमखंडीला जॉन हर्शेल यांनी वर्णपटाची निरीक्षणे घेतली. त्याच ग्रहणातल्या आणि त्यानंतरच्या निरीक्षणांतून सूर्यावरच्या हेलियमचा माग लागला.

हिवाळा

4 ऑक्टोबरला शनी प्रतियुतीत, म्हणजे आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो. तो रात्रभर दिसतो आणि लहानशा दुर्बिणीतूनही त्याची कडी कळतात. 2025 मध्ये ती कडेवरून दिसत असल्याने जवळपास नाहीशी झाली होती, आता पुन्हा उघडू लागली आहेत. कोजागरी 25 ऑक्टोबरला, मात्र चंद्र पूर्ण होतो दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला. दुधातल्या चंद्राला त्याने काही उणेपणा येत नाही. 8 नोव्हेंबरला नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला उठलेल्यांनी सूर्योदयापूर्वी पूर्वेकडे नजर टाकावी. उन्हाळाभर संध्याकाळी दिसलेली शुक्राची चांदणी आता पहाटेची झालेली असते.

सोलापूरच्या वर्षातली सर्वांत मोलाची रात्र 13 किंवा 14 डिसेंबरची. मिथुन उल्कावर्षावाच्या ऐन भरात काळोख्या जागी तासाला शंभराच्या घरात उल्का पडू शकतात. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. त्याचा उगमबिंदू पुनर्वसूपाशी असून रात्री दोनच्या सुमारास तो इथे जवळपास माथ्यावर येतो. उंच अक्षांशाच्या देशांना हे सुख आणि आपली कोरडी हवा दोन्ही एकदम मिळत नाही. या वर्षी चंद्र दहाच्या सुमारास मावळतो. बार्शी रस्त्याने नान्नजकडे किंवा तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाच्या पलीकडे गावाचे दिवे मागे टाकावेत, जमिनीवर जाडशी सोलापुरी चादर अंथरून उताणे पडावे आणि वीस मिनिटे मोबाईल अजिबात उघडू नये, कारण डोळा अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. जवळ कडक भाकरी आणि शेंगाचटणी असली की पहाट होते.

23 डिसेंबरच्या रात्रीचा, दत्तजयंतीचा चंद्र 2026 मधला सर्वांत जवळचा पूर्णचंद्र आहे, सुमारे 3 लाख 57 हजार किलोमीटरवर.

संक्रांत आणि सिद्धेश्वर यात्रा

2027 मध्ये सूर्य 14 जानेवारीच्या रात्री निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या मकरेत जातो, म्हणून संक्रांत 15 तारखेला आहे. याच दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि सात नंदीध्वज शहरातून निघतात. संक्रांतीला आपण उत्तरायण म्हणतो. सूर्य मात्र 22 डिसेंबरलाच, मध्यरात्रीनंतर 2 वाजून 20 मिनिटांनी उत्तरेकडे वळलेला असतो. हे अंतर पृथ्वीचा आस डुलत असल्यामुळे पडले आहे. संपातबिंदू वर्षाला सुमारे 50 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) मागे सरकतो, म्हणजे 72 वर्षांत साधारण एक दिवस. सिद्धरामेश्वरांच्या काळी, बाराव्या शतकात, हे अंतर सुमारे बारा दिवसांचे होते. आज ते चोवीस दिवसांच्या जवळ आहे. यात्रा तीच आणि नंदीध्वजांचा मान तोच राहिला, पण तेवढ्या काळात संक्रांत ऋतूंमध्ये बारा दिवस पुढे गेली.

वर्षाचा शेवट

फेब्रुवारी 2027 मध्ये दोन प्रतियुती पाठोपाठ येतात, दहा-अकरा तारखेला गुरूची आणि 19 तारखेला मंगळाची. दोघेही सिंह तारकासमूहात आहेत. मंगळ या वेळी सूर्यापासून दूर असलेल्या कक्षेच्या भागात असल्याने फार मोठा दिसत नाही, तरी त्याचा तांबडा रंग ठसठशीत असतो. 20 फेब्रुवारीला, माघी पौर्णिमेच्या रात्री, पूर्वेला चंद्र, मघेचा निळसर तारा आणि तांबडा मंगळ शेजारी-शेजारी उगवतात. गुरू त्यांच्या थोडा आधी वर आलेला असतो. त्याच रात्री उशिरा चंद्र विरळ छायेत शिरतो. पौर्णिमेच्या उजेडात मघेचा तारा फिका पडतो, पण हाताच्या आडोशाने चंद्र झाकला की तो लगेच सापडतो.